छापलेलं भोक

बाईंनी टेबलावर तीन नोटा मांडल्या आणि मी चष्मा पुसेपर्यंत त्यांच्या भाच्याने निकाल सांगून टाकला. "काका, ही दहा हजारांची ओरिजिनल आहे. एक रुपयावाली डुप्लिकेट. आणि ही उर्दू लिहिलेली कसली आहे ते कळत नाही."

बाई मला सातवीला गणित शिकवायच्या. आता पंचाहत्तरी उलटली आहे. मी नाशिकरोडला ऑफसेट छपाईचा धंदा करतो. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, निवडणूक आली की हँडबिलं. जुन्या नोटांचा नाद वीस-बावीस वर्षांचा. नोटा विकायचा व्यवसाय नाही आणि मी कुणाला सर्टिफिकेटही देत नाही, तरी ट्रंकेत काही सापडलं की ओळखीतले लोक दाखवायला आणतात. त्यातलं हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण त्या दिवशी एका चांगल्या, अगदी बरोबर असलेल्या नियमाने तीनपैकी दोन नोटांचा निकाल उलटा लावला होता.

भाच्याने यूव्ही बॅटरी आणली होती, नखांच्या पार्लरमध्ये वापरतात तसल्या निळसर उजेडाची. त्याने वाचलं होतं ते असं. हल्लीच्या पांढऱ्या कागदात चमक आणणारं रसायन घालतात. कपड्याच्या पावडरीत असतं तसलंच. त्यावर यूव्ही उजेड पडला की कागद निळा पेटतो. हे रसायन कागदात सर्रास यायला लागलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या नंतर. त्यामुळे त्याआधीची नोट या उजेडात मंद, मातकट दिसायला हवी. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. त्याने दिवा बंद करून दाखवलं: दहा हजारांची नोट काळपट राहिली आणि एक रुपयाची निळी उजळली. झाला निकाल.

दहा हजारांच्या नोटेचा फोटो त्याने ऑनलाइन टाकलाही होता. दुसऱ्या दिवशी फोन आला, नोटेला काही लाख मिळतील, आधी रिझर्व्ह बँकेचं नोंदणी शुल्क भरा. असल्या फोनबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर खुलासाच काढला आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही आणि त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही. पैसे अजून भरले नव्हते, एवढं नशीब.

मी नोटेआधी गोष्ट विचारतो. बाईंची गोष्ट अशी: सासरे प्रेसमध्ये नोकरीला होते. नाशिकरोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं की ती एकच, नोटांची. १९२८ पासून इथे नोटा छापतात, त्याआधी हिंदुस्थानच्या नोटा इंग्लंडहून छापून यायच्या. सासऱ्यांनी दहा हजारांची एक नोट जपून ठेवली, सेहेचाळीस साली सरकारने ती बंद केली आणि भीतीपोटी त्यांनी ती बदलून घेतलीच नाही. ती ट्रंकेत राहिली.

ही गोष्ट अशक्य नाही, म्हणूनच ती धोक्याची. रिझर्व्ह बँकेने पाचाची पहिली नोट जानेवारी १९३८ मध्ये काढली आणि हजार व दहा हजारांच्या नोटा त्याच वर्षी जूनमध्ये आल्या. १२ जानेवारी १९४६ ला वटहुकूम निघून पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. तेव्हा गव्हर्नर होते आपले चिंतामणराव देशमुख. एकूण १४३.९७ कोटींच्या नोटा बाहेर होत्या, त्यातल्या १३४.९ कोटींच्या बदलून गेल्या आणि सुमारे नऊ कोटींच्या परत आल्याच नाहीत. म्हणजे कुणाच्या ना कुणाच्या ट्रंकेत त्या असू शकतात. नक्कल विकणारा नेमका याच नऊ कोटींच्या आडोशाला उभा राहतो.

पण प्रेसमधल्या कामगाराकडे दहा हजार? त्या काळात ती रक्कम म्हणजे वाडा. शिवाय प्रेसमध्ये प्रत्येक टप्प्यावर कागद मोजून घेतात आणि मोजून देतात. तिथून कोरा तुकडाही बाहेर येत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल.

"म्हणजे माझ्या सासऱ्यांनी चोरली म्हणतोस?" बाईंनी वर्गात विचारायच्या त्याच आवाजात विचारलं.

"बाई, तसं नाही म्हणत. आधी नोट बघू द्या."

भिंग लावायच्या आधी मी नोट नुसती टेबलावर पालथी-उताणी करून पाहतो. ही तपकिरी होती, कडा कुरतडलेल्या, एक कोपरा फाटलेला, मधोमध दोन घड्या. बघताक्षणी म्हातारी वाटावी अशी. मला तिथेच खटकलं, कारण मळ सगळीकडे सारखा होता. वापरलेली नोट घडीच्या बाहेरच्या अंगाला काळी पडते, बोटं लागतात तिथे तेलकट होते आणि घडीच्या आतलं अंग त्या मानाने उजळ राहतं. ही दोन्ही बाजूंनी एकसारखी, चहात बुडवलेल्या पावासारखी. घड्याही नंतर पाडलेल्या. घडीवर कागदाचे तंतू तुटलेले नव्हते, तंतू दुमडून पुन्हा सरळ झाले होते.

मग भिंग. आम्हा छपाईवाल्यांच्या खिशात ते असतंच, रोज रजिस्ट्रेशन, म्हणजे सगळे रंग एकमेकांवर नेमके बसलेत का ते, बघायला लागतं. फोर कलरच्या कामात रंगीत चित्र चार शाईंच्या ठिपक्यांतून उभं राहतं: निळा, किरमिजी, पिवळा, काळा. डोळ्याला सलग दिसणारी तपकिरी रेघ भिंगाखाली फुटते आणि ठिपक्यांची फुलं दिसतात. नोटा कधी अशा छापत नाहीत. नोटेची प्रत्येक नक्षी रेघ म्हणूनच काढलेली असते आणि ती आपल्या एकाच शाईत सलग छापलेली असते. रेघ कितीही बारीक असो, भिंगाखाली ती रेघच राहते. बाईंच्या दहा हजारांत किनारीच्या वेलबुट्टीपासून गव्हर्नर टेलर यांच्या सहीपर्यंत सगळी ठिपक्यांची रांगोळी होती. सहीसुद्धा! मी भिंग भाच्याच्या हातात दिलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "हे तर कॅलेंडरसारखं दिसतंय." बरोबर बोलला.

नंबर बघा, म्हटलं. नोटेचा नंबर हे सगळ्यात शेवटचं आणि वेगळं काम, कारण प्रत्येक नोटेवर तो बदलतो. आम्ही पावती पुस्तकांना नंबर टाकतो तेव्हा ट्रेडलवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या छपाई यंत्रावर, नंबरिंगचा ठोकळा लावतो. आकड्याचा धातू कागदावर दाबला जातो आणि मागून बोट फिरवलं तर हलका फुगवटा लागतो. जुन्या नोटेच्या नंबराची शाईही बाकी छपाईहून वेगळी कळते, आकड्याच्या कडेला दाबाने सरकलेली शाई दिसते. इथे नंबर बाकी नोटेबरोबर एका दमात, त्याच ठिपक्यांत छापलेला. म्हणजे ज्याने ही नक्कल छापली त्याच्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक नोटेवर हाच नंबर असणार.

उजेडासमोर धरल्यावर राजाचा चेहरा दिसला. भाचा म्हणाला, "वॉटरमार्क आहे बघा." होता खरा, पण नोट टेबलावर ठेवली तरी तो दिसतच होता, फिकट करड्या शाईत. खरं जलचिन्ह कागद बनतानाच पडतं. लगदा कुठे जाड, कुठे पातळ राहतो आणि त्यातून चेहरा तयार होतो. त्याला कडेची रेघ नसते, गालावरून हनुवटीकडे सावली हळूहळू उतरते. टेबलावर तो जवळजवळ हरवतो आणि उजेडासमोर धरला की वर येतो.

पुढची गोष्ट मला फार आवडली. नक्कल करणाऱ्याने नोटेत एक उभी करडी रेघ छापली होती, सुरक्षा धागा म्हणून. गिऱ्हाइकाला धागा दिसला की बरं वाटतं. पण हिंदुस्थानच्या नोटांत धागा आला तो महायुद्धात. जपान्यांनी आपल्या नोटांच्या इतक्या हुबेहूब नकला काढल्या की जलचिन्ह बदलावं लागलं. सहाव्या जॉर्जचा बाजूने दिसणारा चेहरा जाऊन समोरून बघणारा चेहरा आला आणि त्याच वेळी पहिल्यांदा धागा घातला गेला. जेम्स टेलर तर १९४३ च्या सुरुवातीलाच वारले होते. त्यांच्या सहीच्या नोटेत धागा म्हणजे शिवरायांच्या चित्रात मनगटावर घड्याळ.

एवढं पुरेसं होतं, पण मी भिंग डाव्या कडेकडे नेलं, कारण तिथे टाचणीची भोकं दिसत होती. जुन्या नोटांची पुडकी टाचून ठेवायचे, त्यामुळे खऱ्या नोटेला भोकं असणं नेहमीचं. संग्राहक त्याला 'पिनहोल' म्हणतात आणि त्यावरून किंमत पाडतात. मी नोट खिडकीकडे धरली. भोकातून उजेड यायला हवा. आला नाही.

भोक छापलेलं होतं.

ज्या खऱ्या नोटेचा फोटो किंवा स्कॅन घेऊन ही नक्कल केली, तिला भोकं होती. स्कॅनरने ती काळे ठिपके म्हणून टिपली आणि मशीनने इमानदारीत छापली. मग शोधलं तर आणखी एक सापडलं: खालच्या अंगाला एक आडवी घडी 'दिसत' होती, सावलीसकट, पण बोटाला लागत नव्हती. घडीसुद्धा छापलेली. दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातली घडी. नक्कल ओळखायची इतकी पक्की खूण मला दुसरी माहीत नाही, आणि त्याला यंत्र लागत नाही, खिडकी लागते.

मग भाच्याच्या बॅटरीत ती पेटली का नाही? मी दिवा बंद केला आणि बॅटरी फाटलेल्या कोपऱ्यावर, अगदी कडेवर धरली. कागदाच्या आतला भाग जिथे उघडा पडला होता तिथे केसाएवढी निळी रेघ पेटली. वरचा थर चहाच्या डागाने माखलेला होता आणि तो रंग यूव्ही उजेड शोषून घेतो. डाग गडद तिथे चमक दबलेली, डाग विरळ तिथे थोडी जास्त. नोट म्हातारी दिसावी म्हणून लावलेल्या चहाने नियमालाही फसवलं होतं. तसं ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. चहा स्वस्त असतो, एवढंच.

आता एक रुपया.

पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा झाला आणि ३० नोव्हेंबर १९१७ ला सरकारने एक रुपयाची नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांची. लोकांना कागदी रुपया पटावा म्हणून नोटेवर पाचव्या जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचं चित्र आहे. या नोटेवर साल १९१७ च राहिलं, सही मात्र तिघा सरकारी अधिकाऱ्यांपैकी एकाची सापडते: गब्बे, मॅकवॉटर्स किंवा डेनिंग. बाईंच्या नोटेवर डेनिंग. साल एक आणि सही करणारा नंतरचा म्हणून काही जण ही नोट खोटी ठरवतात, त्याला अर्थ नाही. १ जानेवारी १९२६ पासून ही नोट काढणं बंद झालं, खर्च परवडेना.

हातात घेतल्यावर मलाही शंका आली. पांढरी फट्ट आणि धुतलेल्या हातरुमालासारखी लुळी. शाई विटलेली. खरी जुनी नोट मळलेली असली तरी कागदात जीव असतो, कानाजवळ हलवली तर वाजते. ही वाजली नाही. पण भिंगाखाली रेघा सलग. अक्षरांच्या कडा फिक्या झाल्या होत्या, तरी एकही ठिपका नाही. जलचिन्ह कागदाच्या आत. आणि डावी कड बघितल्यावर तर मला हसूच आलं. ती दातेरी होती. या नोटा पंचवीस-पंचवीसच्या पुस्तिकांत यायच्या, पावती पुस्तकासारख्या, आणि छिद्रांच्या रेषेवर फाडून द्यायच्या. गेली तीस वर्षं मी पावत्यांना पर्फोरेशन मारतोय. फाडलेल्या दात्यांत तंतू कसे बाहेर येतात आणि कातरीने कापलेले दाते कसे दिसतात, हे मला कुणी शिकवायला नको. इथले दाते फाडलेले होते, एकावर तर दोन-तीन तंतू अजून लोंबत होते.

तरी मी एवढ्यावर थांबलो नाही. त्या काळातल्या खोट्या नोटाही पट्टीचे कारागीर ठसा कोरून काढत, त्यांच्याही रेघा सलगच असतात. माझ्या संग्रहातली डेनिंगच्या सहीची नोट काढून शेजारी ठेवली. अक्षरांची वळणं, नाण्याच्या चित्रातल्या राजाच्या दाढीच्या रेघा, नक्षीचे कोपरे, सगळं एकेक करून ताडलं. जुळलं. माझं मत विचाराल तर शंभर उपकरणांपेक्षा शेजारी ठेवलेली एक खात्रीची नोट जास्त कामाची. ती नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी जावं, चहा प्यावा.

मग ही पेटते कशी? पुन्हा दिवा बंद केला. नीट बघितल्यावर चमक सलग नव्हती. डागाडागांनी होती, कडेला आणि घडीत जास्त, मध्ये कमी. पाणी वाळताना जिथे साचतं तिथे जास्त.

"बाई, ही धुतली होती का?"

बाई गप्प. मग म्हणाल्या, "किती मळकी होती रे. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत मीच धुतली, कपड्याच्या पावडरीत. वर्तमानपत्रात घालून इस्त्रीही फिरवली."

कपडे पांढरे दिसावेत म्हणून पावडरीत तेच चमक आणणारं रसायन असतं. इंग्लंडात छापलेल्या, शंभर वर्षांच्या कागदाला बाईंनी आजच्या कागदाची चमक आपल्या हाताने दिली होती. खरी नोट, पण संग्राहकाच्या लेखी तिची किंमत बादलीतच वाहून गेली. मळ काढू नये, इस्त्री करू नये, चिकटपट्टी लावू नये, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण ते सगळं करून झाल्यावर माझ्याकडे येतो.

मला हसायचा अधिकार नाही म्हणा. नाद लागला त्या पहिल्या वर्षी एका ओळखीच्याने मला हिरव्या छपाईची एक जुनी नोट दाखवली होती. मागची बाजू कोरी. मधोमध कापून पुन्हा जोडलेली. एकाच बाजूला छपाई म्हणजे झेरॉक्स, आणि तीही फाटकी, असं म्हणून मी हसत परत केली. १८६७ पासूनच्या त्या मालिकेतल्या नोटा एकाच बाजूला छापलेल्या असायच्या आणि टपालात चोरी होऊ नये म्हणून लोक नोट कापून आधी अर्धी पाठवत, ती पोचल्याचं कळलं की उरलेली अर्धी, हे मला दोन वर्षांनी कळलं. नोट तोवर दुसरीकडे गेली होती. आजही आठवलं की झोप उडते.

तिसरी नोट बघायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. निजामाच्या राज्यातली, उस्मानिया सिक्क्याची पाच रुपयांची. भरपूर वापरलेली, घड्यांवर झिजलेली, मळ जिथे हवा तिथेच. भिंगाखाली स्वच्छ. बाईंच्या सासूबाईंचं माहेर जालन्याकडचं, त्यामुळे गोष्टही जुळत होती. मराठवाड्यातली जुनी माणसं या पैशाला 'हाली' म्हणत आणि इंग्रजी रुपयाला 'कळदार'. शंभर कळदार हवे तर हाली मोजावे लागत एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै. उर्दू बघून भाचा बिचकला होता, पण त्याच नोटेवर तेलुगू आणि कन्नडबरोबर मराठीही आहे. मी भिंग बाईंच्या हातात दिलं. त्यांनी बारीक देवनागरी ओळ शोधली आणि बोट ठेवून वाचली.

"सासूबाई हाली-कळदारचा हिशेब तोंडी करायच्या," त्या म्हणाल्या. "मी गणिताची बाई, मला यायचा नाही."

दहा हजारांचा विषय त्यांनीच परत काढला. ती नोट इतर दोघींबरोबर रेशमी पुरचुंडीत नव्हती, प्लॅस्टिकच्या पाकिटात वेगळी होती. आणि मिस्टर हयात असताना पुण्याला गेले की मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात तासन् तास फिरायचे. अडकित्ते, कुलपं, घड्याळं, काय काय आणायचे. "सासऱ्यांनी दिली असं मला कुणी सांगितलेलं नाही. ट्रंक त्यांची, म्हणून मीच तसं धरून चालले."

भाच्याने फोटो काढून टाकला. ते फोनवाले पुढे तीन दिवस त्याला सूट देत होते, आधी अर्धं शुल्क, मग पाव.

रुपया आणि हाली नोट मी पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटांत घालून दिल्या. साध्या मऊ प्लॅस्टिकमध्ये ठेवल्या तर काही वर्षांनी ते चिकट होतं आणि शाई ओढून घेतं. नकलेचं काय करायचं, बाईंनी विचारलं. फेकायला त्या तयार नव्हत्या, मिस्टरांनी आणलेली वस्तू. मी म्हटलं ठेवा, फक्त मागे 'नक्कल' असं लिहून ठेवा, नाहीतर तुमची नातवंडं पुन्हा बॅटरी घेऊन माझ्या मुलाकडे येतील. पेन्सिल शोधायला मी खण उघडला, तोवर बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं होतं. ठळक अक्षरात लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.